ठासणीच्या बंदुकीचा गज: एक काठी मोडली की अख्खी बंदूक निकामी का व्हायची?

तलवार, भाला, दांडपट्टा, तोफ या सगळ्यांवर भरपूर रील्स सापडतात. बंदुकीच्या नळीखाली खोचलेल्या काठीबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. ही काठी कशासाठी असते? ती लाकडाची चांगली की लोखंडाची? टिकाऊ गज कसा बनवतात? आणि चुकीचा गज थेट तळहातात कसा घुसू शकतो? समजून घेऊया.

मुंबईहून पुण्याकडे लोकलच्या मार्गावर लोणावळ्याच्या पुढचं स्टेशन म्हणजे मळवली. भाजे लेणी, लोहगड आणि विसापूरला जाणारे ट्रेकर्स इथेच उतरतात. दुसऱ्या बाजूला कार्ला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातल्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात लोहगडही आहे. त्यामुळे या भागात येणाऱ्यांची गर्दी वाढली आणि किल्ल्यावरच्या शस्त्रांबद्दलचे प्रश्नही वाढले.

त्यातला एक नेहमीचा प्रश्न म्हणजे, त्या काळी बंदुका होत्या, तर लढाया तलवारीने का व्हायच्या? या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग या काठीत दडलेला आहे. तिला मराठीत 'गज' म्हणतात.

ठासणीची बंदूक म्हणजे काय?

आजच्या बंदुकीत काडतूस मागच्या बाजूने घालतात. जुन्या बंदुकीची नळी मागून बंद असायची. त्यामुळे दारू आणि गोळी दोन्ही पुढून, म्हणजे नळीच्या तोंडातून आत ढकलावी लागायची. 'ठासणे' म्हणजे दाबून भरणे. म्हणून ही ठासणीची बंदूक.

एक बार भरायचा म्हणजे साधारण इतकी कामं करावी लागत:

१. बंदूक उभी धरून नळीत मोजकी दारू ओतायची.
२. तिच्यावर कागद, कापड किंवा काथ्याचा बोळा आणि गोळी ठेवायची.
३. नळीखालचा गज बाहेर काढायचा आणि गोळी तळापर्यंत ढकलायची.
४. गज परत त्याच्या जागी खोचायचा.
५. कानाजवळच्या वाटीत बारीक दारू, म्हणजे रंजक ठेवायची.
६. नेम धरून चाप ओढायचा.

रंजक पेटवण्याची पद्धत बंदुकीप्रमाणे बदलायची. तोड्याच्या बंदुकीत जळती वात लावत, चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी पडे, आणि नंतर टोपीची बंदूक आली. चकमकीच्या बंदुकीत कागदी काडतूस वापरताना रंजक आधी ठेवत आणि नळी नंतर भरत. क्रम बदलला तरी गजाचं काम बदललं नाही.

सराव झालेला शिपाई चकमकीच्या बंदुकीने मिनिटाला साधारण तीन बार काढू शकत असे. तोड्याची बंदूक त्याहून संथ. या दोन बारांच्या मधल्या वेळेत समोरचा घोडेस्वार अंगावर आला, तर हातात तलवार असणं गरजेचं होतं.

गज नसेल तर काय?

मग बंदूक म्हणजे नुसता सोटा. दारू आहे, गोळ्या आहेत, नळी धड आहे, पण गोळी तळापर्यंत जात नाही.

गज गमावण्याचे दोन सोपे मार्ग होते. पहिला, घाईत ठासताना तो मोडायचा. दुसरा, गडबडीत गज नळीतच विसरून शिपाई बार उडवायचा. मग गोळीबरोबर गजही शत्रूच्या दिशेने निघून जायचा. कवायतीत 'गज परत खोच' हा वेगळा हुकूम असायचा, तो यासाठीच.

मळवलीजवळ या बंदुका कधी आल्या?

१७७८ च्या अखेरीस मुंबईहून इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची फौज रघुनाथरावांना पेशवेपदावर बसवण्यासाठी बोरघाट चढून वर आली. सगळी मिळून साधारण ४ हजार माणसं. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई न देता तिला सतत त्रास दिला, रसद तोडली. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला. मावळात आजही त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणून ओळखतात. कंपनीची फौज तळेगावपर्यंत पोहोचली, तिथून माघारी फिरली आणि वडगावला अडकली. जानेवारी १७७९ मध्येच तिला तिथे तह करावा लागला.

कंपनीच्या शिपायांकडे पोलादी गजाच्या चकमकीच्या बंदुका होत्या. मराठ्यांच्या फौजेत तोड्याच्या बंदुका मोठ्या प्रमाणात होत्या. तरीही कंपनी हरली. म्हणजे केवळ बंदुकीच्या वेगावर युद्ध जिंकता येत नाही. पण वडगावच्या विजयात पुढे असलेल्या महादजी शिंद्यांनी कवायती फौजेची ताकद ओळखली. पुढच्या काही वर्षांत त्यांनी द बॉयन या सेनानीला नोकरीत घेऊन कवायती पलटणी उभ्या केल्या. या पलटणींसाठी आग्र्याला बंदुका आणि तोफा बनू लागल्या.

मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रोथरच्या इंग्रज फौजेने आधी विसापूर घेतला आणि लगेच लोहगडही रिकामा झाला. त्या वेळीही दोन्हीकडच्या बंदुका ठासणीच्याच होत्या.

लाकूड की लोखंड?

सुरुवातीला युरोपातही गज लाकडीच होते. लाकूड स्वस्त, हलकं आणि कुठेही मिळणारं. अडचण एकच, रणात ते मोडायचं.

प्रशियाच्या सैन्यात डेसाऊचा प्रिन्स लिओपोल्ड याने आपल्या पलटणीला लोखंडी गज दिले आणि १८ व्या शतकाच्या सुरुवातीला ते सगळ्या प्रशियन सैन्यात आले. शिपाई जोर लावून, न घाबरता ठासू लागले आणि बार भरण्याचा वेग वाढला. १७४१ च्या मॉलविट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाविरुद्ध प्रशियाचं पायदळ भारी पडलं, त्यामागे हा वेग एक कारण मानलं जातं. त्या शतकात बाकीच्या सैन्यांनीही हळूहळू लाकूड सोडलं.

पण लोखंडालाही प्रश्न होते. नरम लोखंड वाकतं, आणि वाकलेला गज नळीत अडकतो. फार कडक केलेलं पोलाद ठिसूळ होतं. म्हणून गजाला लागायचं ते मधलं, स्प्रिंगसारखं पोलाद, जे वाकून पुन्हा सरळ होईल.

पोलादी गजाचा एक जास्तीचा फायदा होता. तपासणीच्या वेळी शिपाई गज रिकाम्या नळीत सोडायचे. तळाला आपटून तो खणकन वाजला, तर नळी रिकामी आणि स्वच्छ. आवाज दबका आला, तर आत काहीतरी आहे.

रायफल आली आणि ठासणं अवघड झालं

साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत आत पेचदार खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात आणि नेम सुधारतो. पण फिरकी मिळायची तर गोळी खाचांना घट्ट बसायला हवी. म्हणजे ती तोंडातून तळापर्यंत ढकलायला जास्त जोर हवा. १८०० च्या आसपास आलेल्या बेकर रायफलबरोबर तर इंग्रज शिपायांना सुरुवातीला लाकडी हातोड्या दिल्या होत्या, गोळी ठोकून आत घालायला!

हा प्रश्न १९ व्या शतकाच्या मध्याला सुटला. मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीचं बूड पोकळ होतं. ती नळीत सहज उतरायची आणि बार उडाल्यावर फुगून खाचांना बसायची. याच तत्त्वावरची १८५३ ची एन्फिल्ड रायफल भारतात आली. तिच्या कागदी काडतुसाला चरबी लावायचे, म्हणजे गोळी गजाने सहज उतरावी आणि नळीत काजळी घट्ट बसू नये. ते काडतूस दाताने फोडावं लागे. १८५७ च्या उठावाची ठिणगी ठरलेलं काडतूस ते हेच.

टिकाऊ गज कशाचा?

आजही जगात नेमबाजीचा छंद म्हणून, आणि आपल्याकडे कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुका वापरात आहेत. त्यामुळे हा प्रश्न फक्त संग्रहालयाचा नाही. प्रत्येक पर्यायाचे गुण-दोष असे आहेत:

• लाकूड: हलकं, नळीला सौम्य, दिसायला जुन्या बंदुकीला शोभणारं. मात्र निवड चुकली तर मोडतं.
• भरीव बांबू: लवचिक आणि तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ. पेरं घासून सपाट करावी लागतात. पोकळ बांबू चालत नाही.
• पोलाद: सर्वांत मजबूत. पण गंजतं, जड असतं आणि नळीच्या तोंडाशी घासत राहिलं तर तिथली खाच झिजते.
• पितळ: पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे नळी ओरखडत नाही आणि ठिणगीची भीती कमी. पण जोर लावला की वाकतं.
• अ‍ॅल्युमिनियम: हलकं, पण पृष्ठभागावर ऑक्साइडचा कडक थर तयार होतो. तो नळीला घासतो.
• फायबरग्लास: सहसा मोडत नाही. मात्र त्यावर बारीक कचरा चिकटला की तो पॉलिश पेपरसारखं काम करतो.

पोलादी किंवा फायबरचा गज वापरायचा असेल, तर नळीच्या तोंडावर पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा गाळा बसवतात. त्यामुळे गज मधोमध राहतो. आणि गज कशाचाही असो, प्रत्येक वेळी फडक्याने पुसायला हवा.

लाकूड निवडताना काय पाहायचं?

अमेरिकेत गजासाठी हिकरी या झाडाचं नाव घेतात. ते आपल्याकडे उगवत नाही. पण सह्याद्रीत धामण आहे. कुऱ्हाडीचे दांडे, कावड आणि धनुष्यासाठी धामणीचं लाकूड पूर्वापार वापरतात, कारण ते चिवट आहे आणि वाकून परत सरळ होतं. संस्कृतात तिला धनुर्वृक्ष म्हणतात, ते उगाच नाही. तिवसही अवजारांच्या दांड्यासाठी ओळखला जातो. बांबूत लाठीचा भरीव बांबू किंवा कोकणातला माणगा उपयोगी.

साग मात्र इथे पहिली पसंती नाही. दारं-खिडक्यांसाठी तो उत्तम, कारण तो फुगत-आकसत नाही. पण झटका सोसण्यात तो धामणीच्या मागे आहे. म्हणूनच कुऱ्हाडीला सागाचा दांडा सहसा दिसत नाही.

झाडाच्या जातीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे लाकडाच्या उभ्या रेषा. गजाच्या एका टोकाला सुरू झालेली रेषा दुसऱ्या टोकापर्यंत गेली पाहिजे. ती मध्येच बाजूने बाहेर पडत असेल, तर गज नेमका तिथेच मोडणार.

दुकानात मिळणाऱ्या तयार गोल दांड्या इथेच मार खातात. यंत्र लाकूड सरळ कापतं, पण लाकडाच्या रेषा सरळ आहेत की तिरक्या, हे यंत्र बघत नाही. त्यामुळे दांडी दिसायला एकदम सरळ आणि आतून तिरकी, असं होतं.

लाकडी गज कसा बनतो?

१. फोडा, चिरू नका. ओंडका करवतीने कापण्याऐवजी पाचर मारून उभा फोडतात. लाकूड आपल्या रेषेवरच फुटतं, त्यामुळे तंतू अखंड राहतात.

२. सावलीत वाळवा. उन्हात घाईने वाळवलं तर लाकडाला चिरा पडतात. फळीवर आडवं, खालून ठिकठिकाणी आधार देऊन ठेवतात. नाहीतर ते स्वतःच्या वजनाने वाकतं.

३. आधी चौकोनी, मग गोल. रंध्याने चौकोनी कांब काढायची, कोपरे उतरवून अष्टकोनी करायची आणि मग गोल घासायची. शेवटी पॉलिश पेपर.

४. जाडी शक्य तितकी ठेवा. गोल काठीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा गज घेतला, तर तो जवळपास अडीचपट ताठ होतो. १२.७ मिलिमीटरच्या नळीला साधारण ९.५ मिलिमीटरचा गज वापरतात. बंदुकीच्या दस्त्यातल्या भोकात सहज सरकेल, अशी सर्वांत जास्त जाडी योग्य.

५. तेल पाजा. जवसाच्या तेलाचे पातळ हात अनेक दिवस देत राहतात. मावळ-लोणावळ्यासारख्या पावसाच्या पट्ट्यात हे टाळून चालत नाही. कोरडं लाकूड ओल धरतं, फुगतं आणि दस्त्यातल्या भोकात अडकून बसतं.

६. टोकाला पितळी टोपण. एका टोकाला पितळेचं टोपण बसवतात. त्याचं तोंड किंचित खोलगट असतं, म्हणजे गोळी चेपत नाही. हे टोपण नुसत्या गोंदाने चिकटवू नये. आडवं भोक पाडून त्यातून पिन ठोकावी. नळी साफ करताना ओल्या चिंधीने टोपण धरून ठेवलं आणि गोंद सुटला, तर काठी हातात आणि टोपण नळीत, अशी गत होते.

७. वाकवून बघा. जाड हातमोजे आणि चष्मा घालून गज हलकासा धनुष्यासारखा वाकवायचा, मग थोडा फिरवून पुन्हा. कुरकुर आवाज आला किंवा एका जागीच वाकला, तर तो गज बाद. तो इथे मोडलेला परवडतो.

गज मोडतो तेव्हा नेमकं काय होतं?

तिरक्या रेषेचं लाकूड आडवं तुटत नाही. ते लांब, तिरकं, भाल्याच्या टोकासारखं फाटतं. त्या क्षणी माणूस पूर्ण जोर लावून हात खाली ढकलत असतो. हात थांबत नाही आणि ते टोक तळहातात किंवा मनगटात शिरतं.

यावर उपाय फुकटचा आहे. गज नळीच्या तोंडापासून फक्त वीतभर अंतरावर धरायचा आणि छोट्या छोट्या टप्प्यांत ढकलायचा. यामागचं गणित सोपं आहे. आधार नसलेली लांबी निम्मी केली, तर काठीला वाकवून मोडायला चौपट जोर लागतो. लांब धरून एका दमात ढकलणाऱ्याचा चांगला गजही मोडतो. वीतभर धरणाऱ्याचा साधा गजही वर्षानुवर्षं टिकतो.

दुसरा नियम म्हणजे, नळीच्या तोंडावर तळहात, चेहरा किंवा छाती कधीच आणायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल, तर ठासताना दारू पेटू शकते.

गजावरची खूण जीव वाचवते

अनुभवी माणसाच्या गजावर दोन खुणा असतात. रिकाम्या नळीत गज तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी येते ती पहिली. योग्य भरलेल्या नळीत येते ती दुसरी.

दुसरी खूण नळीच्या बाहेरच राहिली, तर गोळी मध्येच अडकली आहे किंवा बार दोनदा भरला आहे. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहणं फार धोक्याचं असतं. अशा वेळी बार उडवला तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून गज ठासण्याची काठी तर आहेच, शिवाय बंदुकीची मोजपट्टीही आहे. नवा गज केला की खुणाही नव्याने करायच्या.

घरात जुनी बंदूक असेल तर?

जुन्या वाड्यात, माळ्यावर किंवा भिंतीवर ठासणीची बंदूक सापडणं नवं नाही. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, ती भरलेली असू शकते. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनंतरही पेटते. फोटोसाठी रोखणं, चाप ओढून बघणं, लोखंडी सळई घालून आत काय आहे ते खरवडणं, यातलं काहीही करू नये. तिचं तोंड कुणाच्याही दिशेने न ठेवता पोलिसांना कळवावं. आतला बार काढण्याचं काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याचं आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. याच कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या शस्त्राला कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. म्हणजे 'गज तुटलाय, चालत नाही' एवढं कारण पुरत नाही. बंदूक बनवायला किंवा धंदा म्हणून दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. आणि शेतीसाठी बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी मिळाली, असं होत नाही. ती वन्यजीव कायद्याखाली वेगळी घ्यावी लागते.

थोडक्यात

• गज जितका कडक तितका चांगला, हा गैरसमज आहे. वाकून सरळ होणारा गज टिकतो.
• लाकडी गजात झाडाच्या नावाआधी रेषा बघा.
• धरताना वीतभर अंतर ठेवा.
• टोपणाला पिन आणि गजाला खुणा हव्यातच.
• जुनी बंदूक सापडली तर ती भरलेलीच आहे असं समजून वागा.

पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात जुनी बंदूक दिसली, तर नळीच्या खाली नक्की बघा. बऱ्याच बंदुकांच्या खाली फक्त रिकामं भोक दिसेल. ते गजाचं.